उरवाईच्या मूर्ती आणि आपण

पुण्याचे पाहुणे आले की आपण त्यांना उरवाई दरवाज्याने किल्ल्यावर नेतो. वाटेतल्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळी, कोरलेल्या जैन मूर्ती आहेत. सर्वांत उंच आदिनाथ सुमारे ५७ फुटांचे. १५२८ मध्ये बाबराने त्या पाहिल्या आणि फोडण्याचा हुकूम दिला. चेहरे गेले, मूर्ती उभ्या राहिल्या. पुढे जैन समाजाने अनेक चेहरे गिलाव्याने पुन्हा घडवले.

मी जैन आहे, म्हणून हे सांगत नाही. या मूर्तींना ना गाभारा, ना कुलूप. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या त्या आहेत. आज गिलाव्याचे काम पुरातत्त्व खात्याचे. आपले काम एवढेच : नातवाचा हात दगडावर नाव कोरू लागला, तर तो तिथेच धरावा.