आमटी छताला लागेपर्यंत

शनिवार, २९ जून २०२४, रात्री ११.३५

बार्बाडोसमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवलं आणि येरवड्यात फटाके सुरू झाले. दुर्घटनेची सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर चौकशी समित्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतात. आमच्या घरात तो झाला नाही. सुरुवात सूर्यकुमार यादवच्या सीमारेषेवरच्या त्या झेलापासून झाली, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तो झेल सुटला असता तर घर चडफडत का होईना, वेळेत झोपलं असतं. तो पकडला गेला म्हणून धाकटा (वय वर्षं पाच) गॅलरीत उभा राहून दर फटाक्यामागे ‘हा कुठे फुटला?’ असं विचारत राहिला, साडेबारापर्यंत कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही आणि पाचचा गजर लावायचा राहून गेला.

रविवार, ३० जून, सकाळी ६.००

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी प्रस्थानानंतरची पहिली रात्र आळंदीतच, आजोळघरी काढते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याच्या वाटेला लागते. दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर आणि मग संगमवाडीवरून शहरात. तुकोबांची पालखीही त्याच दिवशी पुण्यात येते, पण ती आकुर्डीकडून. आमचा भाग माऊलींच्या वाटेवरचा. आळंदी रस्ता, पुढे आरटीओ, आणि तिथेच फुलेनगरला पालखीचा दुपारचा विसावा. त्यामुळे या रस्त्यावर त्या दिवशी चूल पेटली नाही असं घर सापडणं कठीण. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चपलांची शिलाई, पायांना तेल, ज्याला जे जमेल ते तो करतो.

पालखी निघाली तेव्हा आमचं घर घोरत होतं.

सकाळी ७.४०

आई दारावर थाप मारून म्हणाली, ‘‘वारकरी दिघीला पोचले असतील आणि तुम्ही अजून अंथरुणात!’’

कामं आठवडाभर आधीच वाटून झाली होती. परभणीकडच्या एका दिंडीतली चाळीस माणसं दुपारी एक वाजता आमच्या पार्किंगमध्ये जेवणार होती. भाकऱ्या तिसऱ्या मजल्यावर, भात दुसऱ्यावर, शिरा तळमजल्यावर, आणि आमटी आमच्याकडे. माणशी पन्नास ग्रॅम या हिशेबाने दोन किलो तूरडाळ. आमचा कुकर पाच लिटरचा. वेळेवर उठलो असतो तर तीन-चार घाण्यांत डाळ सहज निघाली असती. आता तेवढा वेळ नव्हता. म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा दहा लिटरचा कुकर खाली आणायचा ठराव बायकोने मांडला, आईने अनुमोदन दिलं.

सकाळी ९.१०

कुकर आला. काकू स्वतः घेऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर ठेवताना त्याला बजावल्यासारखं म्हणाल्या, ‘‘झाकण जरा अडतं, पण शिट्टी झकास आहे.’’ शिट्टी झाकणावरून काढून त्यांनी शेजारी ठेवली, हरवू नये म्हणून.

याच वेळी पुढच्या खोलीत बुटांच्या खोक्याची पालखी तयार होत होती. थोरली (वय वर्षं नऊ) खोक्याला झेंडूची माळ टाक्यांनी शिवत होती आणि धाकटा प्रश्न विचारत होता.

‘‘पालखीत कोण बसतं?’’

‘‘पादुका असतात,’’ आई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली.

‘‘नुसत्या पादुका?’’

‘‘हो.’’

‘‘मग माऊली अनवाणी गेले?’’

आईची कोथिंबीर थांबली. ‘‘ते कुठे जातील? ते आळंदीतच बसलेत.’’

‘‘कधीपासून?’’

१२९६, असं मी सांगितलं. थोरलीने सुई तोंडात धरून वजाबाकी केली आणि सातशे अठ्ठावीस हा आकडा जाहीर केला. मग दोघं बराच वेळ गप्प होती. इतकी वर्षं मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येत असतील का, यावर नंतर त्यांची आपापसांत चर्चा झाली. तिचा निकाल मला कळला नाही.

सकाळी ९.५०

मुलांना खऱ्या पालखीची माहिती हवी होती आणि मी ती दिली. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा, शिंद्यांच्या पदरचे सरदार, सगळं सोडून माऊलींच्या सेवेला लागले. आज दिसतो तो सोहळ्याचा थाट, दिंड्यांची शिस्त, मुक्कामांची आखणी, हे त्यांचं काम. आणि घोडे येतात ते बेळगावजवळच्या अंकलीच्या शितोळे सरदारांकडून, तेही चालत. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पालखीला चोपदार असतो, छत्री असते, अब्दागिरी असते, रथावर कळस असतो, हेही मी सांगितलं.

चोपदाराची काठी म्हणून लाटणं गेलं. छत्री माझीच गेली. कळस मात्र मिळेना.

सकाळी १०.०५

मिळाला. ओट्यावरच होता. जड, चकचकीत, वर निमुळता. खोक्याच्या झाकणाला भोक पाडून धाकट्याने तो बसवला. फार शोभून दिसत होता, हे मान्य केलं पाहिजे.

सकाळी ११.१५

डाळ धुऊन कुकरमध्ये. डाळीच्या तिप्पट पाणी. हळद, हिंग, चमचाभर तेल. पाणी काठाच्या चार बोटं खाली आलं. डाळीसाठी कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, हे प्रत्येक कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ती पुस्तिका प्रत्येक घरात गॅसच्या पावत्यांबरोबर एका पिशवीत असते. तांदूळ फुगतो, डाळ फेसाळते. फेस वर चढतो, त्यात डाळीची सालपटं असतात, आणि वाफ जाण्याची नळी जेमतेम पेन्सिलीच्या शिशाला वाट देईल एवढी.

सकाळी ११.२५

शिट्टी सापडेना. फ्रीजखाली, कोथिंबिरीच्या देठांत, पिठाच्या डब्यामागे. मुलांना विचारलं, ‘‘शिट्टी पाहिलीत का?’’ दोघांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. त्यांच्या लेखी ती आता शिट्टी नव्हती.

सकाळी ११.४०

आमच्या पाच लिटरच्या कुकरची शिट्टी काकूंच्या झाकणावर ठेवून पाहिली. बसली. थोडी हलत होती, पण बसली. बायको म्हणाली, ‘‘चालेल ना?’’ आई म्हणाली, ‘‘न चालायला काय झालं?’’ कंपनी वेगळी, नळी वेगळी, वजन वेगळं. जगातले निम्मे अपघात या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होत असावेत.

सकाळी ११.५०

गॅस पेटला. मोठा बर्नर, मोठी आच.

दुपारी १२.०५

पहिली शिट्टी. तीन झाल्या की बंद करायचं, असं आईने बायकोला सांगितलं, बायकोने मला, आणि मला खालून सतरंज्या टाकायला हाक आल्यामुळे मी थोरलीला. हा निरोप घेऊन खरोखर स्वयंपाकघरात उभी राहिलेली ती एकटी. तिने फ्रीजच्या दारावर खडूने एक रेघ मारली आणि ओट्यापासून दोन हात लांब, खडू सरसावून उभी राहिली.

दुपारी १२.०९ ते १२.१८

रस्त्यावर टाळ ऐकू यायला लागले. एकामागून एक दिंड्या, पुढे पताका, बायकांच्या डोक्यावर तुळस. आई चपला न घालताच खाली गेली. बायको भाकऱ्यांची टोपली आणायला तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरात थोरली, तिच्या मागे धाकटा.

त्यांचं त्या वेळचं संभाषण नंतर दोघांकडून वेगवेगळं काढून घेतलं आणि ते जुळलं.

‘‘दुसरी का वाजत नाही?’’

‘‘वाजेल.’’

‘‘पण आधी सूं सूं करत होता. आता तेही करत नाही.’’

‘‘गप्प झालाय.’’

‘‘का?’’

हा प्रश्न घेऊन थोरली जिन्यात आली आणि वरून ओरडली, ‘‘बाबा, कुकर गप्प का झालाय?’’ खाली टाळ-मृदंगाच्या आवाजात मला फक्त ‘गप्प’ ऐकू आलं. ‘‘हो हो, गप्प बसा दोघं, आलोच,’’ असं मी म्हणालो.

पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर नव्हे, अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर तेच पाणी दाबाखाली धरून एकशेवीसच्या घरात नेतो. डाळ वीस मिनिटांत शिजते ती त्यामुळे. शिट्टी ही त्या दाबाची राखणदार. दाब तिच्या वजनाच्या वर गेला की ती उचलली जाते, वाफ जाते, पुन्हा बसते. खाली नळीतच सालपटं अडकली तर मात्र तिच्यापर्यंत काही पोचतच नाही. तेव्हा फुसफुसणाऱ्या कुकरपेक्षा गप्प झालेला कुकर वाईट. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनला हाडं मऊ करणारं बंद भांडं दाखवलं, तेव्हा ते फुटू नये म्हणून सुरक्षा-झडपेची सोयही त्यानेच काढली. आपल्या झाकणावर ती बोटाच्या पेराएवढी सेफ्टी व्हॉल्व्ह असते. तिच्यातला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि भोक मोकळं होतं. तिला निरोपाची गरज लागत नाही.

दुपारी १२.१९

धाकट्याने खिडकीतून पाहिलं आणि ‘घोडा!’ म्हणून किंचाळला. पालखीचे घोडे मुख्य सोहळ्याबरोबर असतात, ते एवढ्यात येणं शक्य नव्हतं. तो पोलिसांचा घोडा होता की आणखी कशाचा, हे कळलेलं नाही. पण त्या घोड्याचे आमच्यावर उपकार आहेत. थोरलीने खडू टाकला आणि दोघं गॅलरीत पळाली.

दुपारी १२.२१

आवाज झाला.

स्फोट म्हणावा असा नव्हता. आधी एक ‘फट्’ आणि मग लांबलचक, ओला फूत्कार. समोरच्या इमारतीतून कोणीतरी ‘इंडिया, इंडिया’ असं ओरडलं. कालचे उरलेले फटाके आहेत अशी त्यांची समजूत झाली.

मी वर पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात पिवळं धुकं होतं. पाइपचा कॉक ओट्याखाली आहे, तो ओणवं होऊन बंद केला. मग वर पाहिलं. व्हॉल्व्हच्या भोकातून डाळ सरळ रेषेत छताला लागली होती आणि तिथून सगळीकडे पसरली होती. पंख्याच्या पात्यांवर, कॅलेंडरवर, घड्याळाच्या काचेवर. ट्यूबलाइटवरून थेंब पडत होते. आमची शिट्टी मात्र झाकणावर जशीच्या तशी बसून होती, तिला काही माहीतच नव्हतं. आत तळाला चिकटलेली अर्धी डाळ.

दारात मुलं. थोरली रडवेली. धाकटा वर बघत म्हणाला, ‘‘हा आपल्याकडेच फुटला.’’

दुपारी १२.४०

दिंडी आली. चाळीस माणसं, शंभरावर भाकऱ्या, भात, शिरा, आणि आमटी छताला. आई पार्किंगमध्ये हात जोडून सांगत होती, ‘‘थोडा वेळ द्या, काहीतरी करतो.’’ बायको फोनवर कुठे तयार भाजी मिळते का ते पाहत होती, पण रस्ते बंद, येणार कोण?

त्या माणसांतून साठीपुढच्या एक आजी उठल्या. पायांना धुळीचे थर, कमरेला पदर खोचलेला. जिना चढून थेट स्वयंपाकघरात आल्या, छताकडे एकदा पाहिलं, हसल्या नाहीत.

‘‘डाळीचं पीठ हाय का?’’

एक किलो होतं. मजल्यामजल्यावरून वाट्या आल्या आणि दीड किलो झालं. आजींनी मोठं पातेलं मागितलं. तेल, मोहरी, जिरं, मूठभर हिरव्या मिरच्या हाताने मोडून. पीठ त्यांनी परातीत कालवलं, पण पाणी एकदम नाही घातलं. आधी जाड खीर, गुठळ्या तळहाताने दाबून मोडल्या, मग पातळ. आधणाच्या पाण्यात धार सोडताना डावा हात पिठाला, उजवा डावाला, आणि दोन्ही एका चालीत. एक गुठळी नव्हती. डाळ, कुकर, शिट्टी यांत आमची सकाळ गेली, आणि आजींचं चाळीस माणसांचं पिठलं वीस मिनिटांत उतरलं.

धाकटा त्यांच्या कोपरापाशी उभा. ‘‘तुम्ही चालत का जाता? बस असते.’’

‘‘बसमधी झोप लागती.’’

‘‘मग झोपायचं.’’

‘‘मग पंढरपूर आलेलं कळंल कसं?’’

त्याला उत्तर पटलं असावं, कारण त्यापुढे प्रश्न आला नाही. त्याला पटलेलं त्या दिवसातलं ते एकमेव उत्तर.

दुपारी १.१५

पंगत बसली. पिठलं-भाकरी, भात, शिरा, लिंबाचं लोणचं. दोनदा वाढूनही पिठलं उरलं.

संध्याकाळी ७.३०

छत पुसताना स्टुलावरून पुढच्या खोलीतली बुटांच्या खोक्याची पालखी दिसली, आणि तिच्यावरचा कळसही. मी तो काढायला गेलो तर धाकटा आडवा पडला. पालखी पंढरपूरला पोचेपर्यंत कळस काढत नाहीत, असं त्याला आजींनी सांगितलं होतं म्हणे.

त्यानंतर

पालखी ३० जून आणि १ जुलै पुण्यात मुक्कामी होती. तोवर पेठांतले रस्ते माणसांनी भरलेले. २ जुलैला ती दिवे घाटातून सासवडकडे गेली, तेव्हा कुठे मी व्हॉल्व्ह आणि रिंग आणायला बोहरी आळीत जाऊ शकलो. काकू शिट्टी मागायला खाली आल्या. त्यांनी खोकं पाहिलं, कळस पाहिला, सवयीने हात जोडले आणि मग भानावर येऊन विचारलं, ‘‘एकादशी कधी आहे?’’

‘‘सतरा जुलै,’’ थोरली म्हणाली.

‘‘ठीक आहे. सतरापर्यंत.’’ आणि अनामत म्हणून आमचा पाच लिटरचा कुकर, शिट्टीसकट, वर घेऊन गेल्या.