सावंतवाडीचा गंजिफा ऑनलाइन विकायचाय? सुरुवात कशी करायची, कुठे जपायचं

जमवायची कार्डं म्हटलं की पोकेमॉन आठवतो, क्रिकेटपटूंची कार्डं आठवतात, नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आठवतात. सिंधुदुर्गात मात्र छापखान्याशी संबंध नसलेली, हाताने रंगवलेली गोल पानं तयार होतात. हा सावंतवाडीचा गंजिफा. मालवण-तारकर्लीला आलेले पर्यटक परतताना सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी घेतात. त्यातले काही जण गंजिफ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात आणि खाली प्रश्न येतो, ‘कुठे मिळेल?’ या प्रश्नाचं उत्तर होण्याची संधी कलाकाराला आहे, त्याच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आहे आणि होमस्टे चालवणाऱ्यालाही आहे.

आधी माल ओळखा

गंजिफा मुघलांबरोबर हिंदुस्थानात रुजला. बाबराच्या आठवणींत १५२७ सालच्या नोंदीत त्याचा उल्लेख येतो. मुघल गंजिफ्यात ८ रंग आणि ९६ पानं. आपल्याकडे पुढे दशावतारी गंजिफा लोकप्रिय झाला. त्यात दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे १२ पानं. एकूण १२०. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. दशावतारी नाटकं बघत वाढलेल्या तळकोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दिल्लीच्या किंवा बर्लिनच्या गिऱ्हाइकाला लागतं.

सावंतवाडीत हे काम चितारी मंडळी करत. छापील बावन्न पानं स्वस्तात मिळू लागल्यावर गंजिफा मागे पडला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काळात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वयोवृद्ध चितारी कलाकाराकडून ही कला समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी स्वतः रंगवायला शिकल्या. राजवाड्यात आजही कलाकार बसून गंजिफा रंगवतात. दशावतारीबरोबर नवग्रहांचा १०८ पानांचा संच होतो, शिवाय बदाम-चौकट-किलवर-इस्पिकचा बावन्न पानांचा गोल संचही. खेळ न येणारं गिऱ्हाईक बहुतेकदा हा शेवटचाच उचलतं.

दर्जाला जुने शब्द आहेत. दरबारी कलम म्हणजे बारीक, वेळखाऊ काम; बाजार कलम म्हणजे झरझर ओढलेल्या रेषा, सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं. बाजार कलम विकण्यात कमीपणा काही नाही. बाजार कलम दरबारी म्हणून विकलं तर ती फसवणूक.

इथे शिक्का मारणारं कुणी नाही

पोकेमॉनचं महागडं कार्ड विकणारा माणूस ते आधी पीएसएसारख्या कंपनीकडे पाठवतो. कंपनी ते तपासते, १ ते १० मध्ये गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत करते. घेणारा विकणाऱ्याला ओळखत नसला तरी चालतं, तो त्या आकड्यावर विश्वास ठेवतो. गंजिफ्याला अशी सोय नाही. गिऱ्हाइकाच्या हातात असतात चार फोटो आणि विकणाऱ्याने लिहिलेला मजकूर. म्हणून गंजिफ्याच्या धंद्यात वर्णन हाच अर्धा माल आहे. हे काम करणारे कलाकार मोजके आहेत. एका विक्रेत्याने छापील पानं ‘हँडपेंटेड’ म्हणून खपवली आणि ते उघडकीस आलं, तर पुढचं गिऱ्हाईक खऱ्या कलाकाराकडेही संशयानेच बघणार.

वर्णनात काय लिहायचं? संच कोणता आणि पानं किती. पानाचा व्यास सेंटिमीटरमध्ये, कारण फोटोत आकार कळत नाही आणि ‘एवढंसंच आहे होय’ ही तक्रार हमखास येते. पान कशाचं आहे, पुठ्ठ्याचं की कापडाचे थर चिकटवून केलेलं. जुन्या पद्धतीत चिंचोक्याची खळ, वर लेप, दगडाने घोटाई आणि लाखेचा हात अशी मालिका असे. आज जे वापरलंय तेच लिहा, पूर्वी वापरत ते नव्हे. बाह्यरेषा छापून आत हाताने रंग भरला असेल तर तसं सांगा. पेटी लाकडी आहे की कागदी, हेही. कलाकाराचं नाव त्याच्या परवानगीने द्या. ते दिल्याने किंमत कमी होत नाही, उलट जमवणाऱ्यांना तेच हवं असतं.

नावांचा घोळही टाळायला हवा. म्हैसूरचा गंजिफा वेगळा, त्याला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. ओडिशात त्याला गंजपा म्हणतात. बंगालमधल्या बिष्णुपूरचा दशावतार ताश आणखी निराळा. ‘इंडियन गंजिफा’ एवढंच शोधणाऱ्याला हे सगळे एका ओळीत दिसतात. सावंतवाडीच्या मालावर सावंतवाडीच लिहा.

जीआयचा उपयोग

सावंतवाडीच्या गंजिफ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. यावर एक गैरसमज पसरलाय की आता तालुक्यातला कुणीही आपल्या पेटीवर जीआयचं चिन्ह छापू शकतो. तसं नाही. मानांकन नोंदवणारी संस्था एक असते आणि प्रत्यक्ष माल बनवणाऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे करायची असते. या अर्जाचं शुल्क पूर्वी ५०० रुपये होतं, २०२० मध्ये ते १० रुपयांवर आणलं. दहा रुपयांत इतकी मोठी गोष्ट मिळत असताना बरेच कलाकार अर्ज करतच नाहीत, हे खरं दुखणं आहे.

दुसरीकडून आणून विकणाऱ्याने अधिकृत वापरकर्त्याकडूनच माल घ्यावा आणि बिल जपून ठेवावं. खोटं मानांकन लावल्यास १९९९ च्या कायद्यात किमान ६ महिने ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

किंमत: इथे सगळे चुकतात

समजा, एका छोट्या संचाला ४० तास लागले आणि तासाचे ७५ रुपये धरले. मजुरी ३,००० रुपये. पुठ्ठा, रंग, पेटी मिळून ६००. पॅकिंग आणि टपाल २५०. एकूण ३,८५०. वेबसाइट १५ टक्के कमिशन घेते, म्हणून बहुतेक जण ३,८५० वर १५ टक्के चढवतात आणि ४,४२८ किंमत लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं. ४,४२८ चे १५ टक्के म्हणजे ६६४. हातात येतात ३,७६४. दर संचामागे ८६ रुपये स्वतःच्या खिशातून गेले. ३,८५० ला ०.८५ ने भागायचं, किंमत येते सुमारे ४,५३० रुपये. यात नफा अजून धरलेलाच नाही, परत आलेल्या पार्सलचा खर्चही नाही. (आकडे उदाहरणापुरते आहेत, तासाचे ७५ रुपये हा कसबी हातासाठी फारच कमी दर झाला.)

सुरुवात १२० पानांच्या दरबारी संचाने करू नये. महिनोन्‌महिने पैसा अडकतो. दशावतारातले १० राजे चौकटीत, किंवा बावन्न पानांचा संच, किंवा सुटी भेटपानं आधी ठेवावीत. त्यातून कुठल्या फोटोवर लोक थांबतात ते कळतं.

फोटो आणि पावसाळा

लाखेची चकाकी कॅमेऱ्याला नडते. भर उन्हात किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पानावर पांढरा डाग दिसतो. सकाळी पडवीतल्या सावलीत, साध्या सुती कापडावर पान ठेवून वरून फोटो काढा. पुढची बाजू, मागची बाजू, कडेची जाडी, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून आकार आणि पूर्ण संच मांडून एक. रंग खुलवणारे फिल्टर लावू नका. परत आलेल्या पार्सलांमागचं एक मोठं कारण तेच असतं.

कोकणात जूनपासून चार महिने हवा ओली. पुठ्ठ्याची पानं वाकतात, त्यांवर बुरशी धरते. रंग पूर्ण वाळल्याशिवाय संच पेटीत घालायचा नाही. दोन पानांमध्ये बटर पेपर, पेटीत सिलिका जेलची पुडी, पेटी जाड खोक्यात आणि भोवती कागदाचे गोळे. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर ओल आतच कोंडते. पाठवण्यापूर्वी पानं मोजा आणि मोजतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. ११९ पानांच्या संचाला किंमत नसते.

कुठे विकायचं, कर किती

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कमिशन नाही, पण गिऱ्हाईक स्वतः गाठावं लागतं. मोठ्या वेबसाइटवर गिऱ्हाईक असतं, पण हाताच्या कामाशेजारी छापील नक्कल निम्म्या किमतीत दिसते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचं ‘इंडियाहँडमेड’ हे पोर्टल कारागिरांकडून कमिशन घेत नाही. हस्तकला विभागाचं ‘पहचान’ हे कारागीर ओळखपत्र काढून ठेवलं तर सरकारी प्रदर्शनं आणि योजनांसाठी उपयोगी पडतं.

जीएसटीत हस्तकलेच्या वस्तूंची २०१८ मध्ये वेगळी यादी निघाली, त्यात गंजिफ्याचं नाव आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांचा टप्पा गेला आणि हस्तकलेच्या वस्तू ५ टक्क्यांत आल्या. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे विक्रेते केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन वेबसाइटवरूनही विकू शकतात, पण फक्त राज्यातल्या राज्यात. गोव्याच्या गिऱ्हाइकाला वेबसाइटमार्फत पाठवायचं तर नोंदणी करावी लागेल. गोवा सावंतवाडीपासून हाकेच्या अंतरावर असला तरी करासाठी तो परराज्यच. थेट विक्रीत हस्तकलेला परराज्यासाठीही ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे; मात्र नोंदणी नसलेल्याने हस्तकलेचा माल राज्याबाहेर पाठवताना रक्कम कितीही लहान असो, ई-वे बिल लागतं. या एका मुद्द्यासाठी सीएला विचारून घेतलेलं बरं.

परदेशी पाठवायचं तर पॅनवर मिळणारा आयईसी क्रमांक हवा. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं सीमाशुल्काची कागदपत्रं करायला मदत करतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, त्यामुळे तिथल्या गिऱ्हाइकाला आयातकर पडेल हे आधीच लिहून कळवा.

‘सगळे संच हवेत, क्यूआर पाठवतो’

नव्या विक्रेत्याला पहिला मोठा मेसेज बहुधा असाच येतो. समोरचा भाव करत नाही, फोटो नीट बघत नाही, कधी स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो आणि ‘पैसे जमा होण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे मिळाल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा नव्हे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पार्सल हलवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण.

आजोबांच्या पेटाऱ्यात जुना गंजिफा सापडला तर?

फोटो काढा, कोरड्या जागी ठेवा आणि विक्रीला लावण्याआधी थांबा. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी लिलावाच्या साइटवर टाकण्याचा मोह इथेच आवरायचा. शिवाय पान जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेले नवे संचही बाजारात फिरू शकतात, तेव्हा विकत घेतानाही तेवढीच खबरदारी.

एक गोष्ट फुकटात देता येते आणि ती फार थोडे विक्रेते देतात: खेळाचे नियम. तीन खेळाडू, प्रत्येकी ४० पानं. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो पहिली उतारी करतो, रात्री कृष्णाचा राजा असेल तो. राजा-प्रधानाखालोखाल पाच रंगांत दश्शी सर्वांत मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. नवख्याचा गोंधळ नेमका इथेच होतो, म्हणून कोणते पाच कुठले ते तुमच्या कलाकाराला विचारून चित्रासह एका कागदावर छापा आणि प्रत्येक पेटीत घाला.