शस्त्रापूर्वीचे दर्शन

मनुष्याचे हास्य ज्या मज्जातंतूवर अवलंबून असते, त्याची वाट मोठी बिकट आहे. मेंदूच्या देठापासून निघालेला हा तंतू श्रवणाच्या तंतूसह कानाच्या अस्थीत शिरतो आणि सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या वळणदार बोगद्यातून बाहेर पडून चेहऱ्यावर पसरतो. सोळाव्या शतकात फालोपियसने या बोगद्याचे वर्णन केले. १८२१ मध्ये चार्ल्स बेलने चेहऱ्याच्या मज्जातंतूंवरील आपले संशोधन मांडले. तथापि जिवंत रुग्णाच्या मस्तकात तंतू नेमका कोठे आहे, हे शस्त्र चालविल्यावाचून कळत नसे. गाठ निघे, प्राण वाचत. पण पुष्कळदा चेहऱ्याची एक बाजू कायमची लुळी पडे.

१८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण गवसले. गाठीने रुंदावलेला अस्थिमार्ग त्यांमुळे दिसू लागला. तंतू मात्र अदृश्यच राहिला. १९७१ मध्ये लंडनमध्ये हौन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली. पुढे अशा चित्रांतून बोगद्याच्या भिंती उमगल्या आणि चुंबकीय चित्रणाने गाठ, तंतू व त्याला दाबणारी रक्तवाहिनीही दाखविली.

याच काळात बंगळूरलाही एक स्थित्यंतर घडले. जुन्या मैसूर संस्थानातील मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे २७ डिसेंबर १९७४ रोजी एकीकरण होऊन 'निम्हान्स' उभी राहिली. तिचे पहिले संचालक डॉ. आर. मार्तंड वर्मा हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. जेथे एके काळी केवळ मनोरुग्णांना आश्रय मिळे, तेथे चित्र वाचणारे आणि शस्त्र धरणारे एकाच आवारात आले.

शस्त्रक्रियेची आखणी आता याच चित्रांवरून होते. कानामागून जावे की कानाच्या अस्थीतून, श्रवण वाचेल काय, चेहऱ्याच्या आचक्यांमागे रक्तवाहिनीचा दाब आहे काय, हे आधी ताडून पाहता येते. कित्येकदा शस्त्र न उचलणेच हितकर, हेही चित्रच सांगते. कारण बेलच्या नावाने ओळखला जाणारा चेहऱ्याचा पक्षाघात बहुधा शस्त्रावाचून बरा होतो.

परंतु मोठ्या गाठीवर कागदासारखा चपटा झालेला तंतू उत्तम चित्रातही हरवतो. तेव्हा सूक्ष्म विद्युत्स्पर्श करून, चेहऱ्याचे स्नायू हलतात की नाही हे पाहूनच तो ओळखावा लागतो. नकाशा वाट दाखवितो. पाऊल मात्र जपूनच टाकावे लागते.