यंदा साल कितीचं?

माणसाची किंमत किती, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न आहे असं मी झरीला येईपर्यंत समजत होतो. झरीच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत तो अंकगणितातला निघाला. उत्तर रुपयांत येतं आणि तोंडी काढता येतं, हे मला तिथे बसल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं.

झरी-जामणी हे आमच्या तालुक्याचं नाव. झरी वेगळी, जामणी वेगळी. पण तालुका करताना दोन्ही गावांना एकाच करारात बांधून टाकलं. यवतमाळ जिल्ह्याचं हे दक्षिणेचं टोक. कापूस, तूर, जंगल, कोलामांचे पोड आणि खाली पैनगंगा. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलंगण. माझी इथे बदली झाली तेव्हा माझ्यावर कुणी बोली लावली नव्हती. सरळ आदेश निघाला. नोकरदार माणसाचं बरं असतं, त्याला आपली किंमत कळण्याची वेळच येत नाही.

तर टपरी. तिथे एक टीव्ही, त्याला एक डिश, आणि दोघांच्या जिवावर चालणारं एक कबड्डीमंडळ होतं. त्याचे कायमचे सभासद तीन. पहिले कंपाउंडरभाऊ. हे ऐन जवानीत दोन वर्षं मुंबईत राहून आलेले, म्हणून पक्के यू मुंबाचे. दुसरा पानठेलावाला. त्याची सासुरवाडी आदिलाबादकडची, म्हणून तो तेलुगू टायटन्सचा. तिसरे निवृत्त गुरुजी. ते कुणाचेच नव्हते, कारण त्यांना दोन्हीकडून बोलायचं असे. विदर्भाचा संघ का नाही, यावर मात्र तिघांचं एकमत होतं. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा मुंबईला संघ, पुण्याला संघ, आणि विदर्भाला टीव्ही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, त्यात आता कबड्डीचा अनुशेष.

चौथा सभासद कोपऱ्यातल्या बाकावर बसे. सगळे त्याला बाबा म्हणत. उभा जन्म सालगडी म्हणून गेलेला, सत्तरीचा, काटक म्हातारा. त्याला कबड्डीतलं सगळं कळे, फक्त तो बोलत नसे.

तो बोलला २०१९च्या एप्रिलात. त्या वर्षी पाडवा आला ६ एप्रिलला, आणि मुंबईत कबड्डीपटूंचा लिलाव झाला ८ आणि ९ एप्रिलला. शहरात राहणाऱ्यांना या दोन तारखांचा संबंध लागणार नाही. आमच्याकडे पाडव्याला सालगड्यांची सालं ठरतात. जुन्या मालकाकडचं वर्ष संपतं आणि नवं सुरू होतं. वर्षाचे रोख पैसे किती, ज्वारी किती, कपडे, जोडे, घोंगडी मिळणार की नाही, उचल किती, हे सगळं त्या दोन-चार दिवसांत चहाच्या कपावर ठरतं. गावभर एकच प्रश्न फिरत असतो, ‘यंदा साल कितीचं?’ चांगला गडी फुटला तर मालक तोंड पाडून बसतो आणि ज्याने फोडला त्याच्याशी बोलत नाही.

आणि अशा ऐन हंगामात टीव्हीवर बातमी आली की सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतलं.

हा मुलगा आपल्या कोल्हापूरचा, चंदगड तालुक्यातला. आदल्याच वर्षी, २०१८ला, यू मुंबाने त्याला छत्तीस लाखांच्या वर देऊन आणलं होतं आणि त्याने पहिल्याच मोसमात चढाईचे दोनशेच्या वर गुण घेतले होते. मुंबईने त्याला राखून ठेवलं नाही, तो लिलावात आला आणि पैनगंगेच्या पलीकडे गेला.

कंपाउंडरभाऊंनी कप बशीत आपटला. ‘‘बेइमान! वर्ष नाही झालं अन् पैशासाठी गेला!’’

‘‘त्यायनं सोडला म्हणून गेला ना भाऊ,’’ पानठेलावाला खुशीत होता. ‘‘अन् गेला तर आपल्याकडेच आला.’’

गुरुजींनी व्यवस्थापनाचा मुद्दा काढला. ‘‘एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून साडेचार कोटींच्या आत खर्च करता येतो. त्यातला तिसरा हिस्सा एका चढाईपटूवर घातला, आता पकडी कोण करणार? एक बैल हत्तीएवढा घेतला अन् दुसऱ्या बाजूला बकरी जुंपली, तर बंडी चालेल का?’’

तेव्हा कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला. ‘‘साल कितीचं म्हणता?’’

‘‘एक कोटी पंचेचाळीस लाख, बाबा.’’

‘‘जेवणासकट?’’

जेवण, कपडे, बूट, सगळं मालकाचं, असं पानठेलावाल्याने सांगितलं. बाबांनी मान हलवली. कराराची कलमं नीट आहेत असा त्यांचा चेहरा होता. ‘‘काम किती दिवसाचं?’’ तीन महिन्यांचं. ‘‘मंग बाकी नऊ महिने कोणाकडे असते?’’

या एका प्रश्नावर गुरुजींना कबड्डीचा सगळा इतिहास सांगावा लागला. त्यांना तो सांगायचाच होता. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

पूर्वी, गुरुजी म्हणाले, खेळाडू कुणाचाच नसे. हुतूतू हा पोटाला चिमटा घेऊन खेळायचा खेळ. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्याला नियमांत बसवलं. १९३६ला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी जर्मनांना कबड्डी दाखवून आली. त्यांना मिळालं काय, तर टाळ्या. पुढे देशाची संघटना झाली, तिच्या नावातच ‘अमॅच्युअर’ शब्द आहे. अमॅच्युअर म्हणजे हौशी. हौसेला मोल नसतं, म्हणून हौशी माणसाला कुणी पैसे देत नाही. मग एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, रेल्वे अशांनी संघ बांधले. चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळायची. घरचे म्हणायचे, कबड्डीने पोरगं मार्गाला लागलं. १९९०ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी आली, आपण सुवर्ण आणलं, तरीही खेळाडू महिनाअखेर पगारपत्रकावर सही करतच होता. आणि २०१४च्या मेमध्ये पहिला लिलाव झाला. त्यात सगळ्यांत महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. तेव्हा देशाने तोंडात बोट घातलं होतं. पाच वर्षांत त्या रकमेला दीड कोटीचं बाळसं आलं.

‘‘पैसा आला हे बरंच झालं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘हॉकीत काय झालं? आपला खडकीचा धनराज पिल्ले. १९९८ला बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली एशियाडचं सुवर्ण आलं, बत्तीस वर्षांनी! खेळाडूंनी पैशाचा विषय काढला होता. परत आल्यावर पुढच्या संघात कप्तानासकट सात जणांची नावंच नाहीत. कारण काय, तर विश्रांती दिली.’’

‘‘आमच्याकडे बी देत होते,’’ बाबा म्हणाले. ‘‘गडी पाडव्याच्या आधी जास्त बोलला की त्याले विश्रांती.’’

मग बाबांनी खरा प्रश्न टाकला. ‘‘लिलावात त्या पोराले कोणी विचारते का, का बाप्पा, तुले कुठी जाचं हाय?’’

टपरीत जरा शांतता झाली. गुरुजींनी सांगितलं, तसं विचारत नाहीत. नाव दिलं की ज्याची बोली मोठी त्याच्याकडे जायचं. शिवाय जुन्या मालकाला एक सवलत असते. शेवटच्या बोलीइतकेच पैसे भरले तर तो आपला खेळाडू ठेवून घेऊ शकतो.

‘‘म्हणजे पैसा पोराचा, अन् पाय मालकाचे,’’ बाबा म्हणाले.

या वाक्यावर जगभर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, हे बाबांना ठाऊक नव्हतं. गुरुजींना होतं. मी घरी येऊन पडताळलं, आणि सगळं खरं निघालं. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूचं साल कधी संपतच नसे. करार संपला तरी तो त्याच मालकाचा. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला १९६९ साली त्याच्या मालकाने परस्पर दुसऱ्या गावच्या संघाला देऊन टाकलं. तो म्हणाला, मी काही विकायची वस्तू नाही, जात नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ला हरला आणि खेळातूनही गेला. मग १९७५च्या डिसेंबरात पीटर साइट्झ नावाच्या लवादाने दोन गोलंदाजांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडू मोकळे झाले. फुटबॉलवाल्यांना आणखी वीस वर्षं लागली. बेल्जियमचा बॉस्मन, लिएजच्या क्लबात होता. १९९०ला करार संपला. क्लबने नव्या कराराला पगार जवळजवळ पावपट लावला आणि डंकर्कला जातो म्हटलं तर फ्रान्सच्या त्या क्लबकडे पैसे मागितले. साल संपलेलं, तरी गडी सोडायची किंमत! युरोपच्या न्यायालयाने १९९५च्या डिसेंबरात सांगितलं, करार संपला की माणूस मोकळा.

एक गोष्ट मात्र गुरुजींच्याही ध्यानात आली नव्हती. साइट्झचा निकाल लागला त्याच्या दोन महिने आधी, १९७५च्या ऑक्टोबरात, आपल्या देशात वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम निघाला होता. १९७६ला त्याचा कायदा झाला. उचल फिटली नाही म्हणून माणसाला बांधून ठेवता येणार नाही, असं तो म्हणत होता. अमेरिकेतला लाखोपती गोलंदाज आणि आपल्याकडचा कर्जात बुडालेला गडी, दोघांची दावी एकाच हिवाळ्यात कागदावर सुटली. दोघांना एका ओळीत बसवणं बरोबर नाही, हे मला कळतं. एकाच्या घरी मोटार होती आणि दुसऱ्याच्या चुलीवर पाणी. पण दोघांचं मागणं एकच होतं, साल संपलं की मला जाऊ द्या.

हे मी दुसऱ्या दिवशी टपरीत सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बिडी विझवली आणि बोलू लागले.

‘‘बहात्तरच्या दुष्काळात म्या उचल घेतली होती साहेब. पोटासाठी. मंग दर पाडव्याले मालक वही काढे. म्हणे, हिशेब बाकी हाय. म्या काही शिकलेला नाही, वहीत काय लिव्हलं ते त्याले माहीत अन् देवाले. दोन सालं झाली. मंग दुसऱ्या एका पाटलानं माही उचल फेडली अन् मले घेऊन गेला.’’

‘‘म्हणजे सुटलात?’’

‘‘कायचा सुटतो! खुटा बदलला. आता उचल याची.’’

गुरुजी हळूच म्हणाले, ‘‘ट्रान्स्फर फी.’’ कुणी हसलं नाही.

‘‘मंग एका मास्तरनं पेपर वाचून दाखोला, का आता असं बांधता येत नाही. सत्त्याहत्तरच्या पाडव्याले म्या गेलोच नाही. मालकाचा माणूस आला, त्याले सांगतलं, माहं साल संपलं. अन् घरी बसलो. दिवसभर.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय? काय कराचं तेच समजेना. इतक्या वर्षांत पाडव्याले घरी बसलोच नव्हतो. बायको म्हणे, असे काहून येरझारा घालता? संध्याकाळ झाली, तशी बैलाची आठवण आली. त्यायले पाणी कोण पाजन? गेलो त्याच पाटलाच्या गोठ्यात.’’

कंपाउंडरभाऊंनी कपाळावर हात मारला. ‘‘अरे देवा! म्हणजे परत तिथंच?’’

‘‘तिथंच. पण आपल्या पायानं गेलो भाऊ. पाटील पाहातच राह्यला. दुसऱ्या दिवशी साल ठरोलं. उचल नाही, वही नाही. आकडा म्या सांगतला.’’

आकडा किती होता, हे त्यांनी सांगितलं नाही. टपरीत पहिल्यांदाच कुणी आकडा विचारला नाही.

टायटन्सची बंडी गुरुजी म्हणाले तशीच एका बाजूला कलली. २०१९ला ते बाद फेरीपर्यंत पोचले नाहीत. पुढच्या मोसमात देसाई दुखापतीने लवकरच बाहेर बसला, आणि संघाने बावीसपैकी एक सामना जिंकला. २०२२च्या लिलावात त्याच टायटन्सने त्याला घेतलं, २० लाखांना. त्या वर्षी सगळ्यांत महाग होता पवन सेहरावत, २ कोटी २६ लाखांना तमिळ थलैवाजकडे गेलेला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि मोसम संपला. २०२३ला देसाई पुन्हा वर आला, हरियाणाकडे, १ कोटीला.

‘‘एक कोटी पंचेचाळीस, मग वीस लाख, मग एक कोटी,’’ कंपाउंडरभाऊ बोटं मोजत म्हणाले. ‘‘चार वर्षांत माणूस तोच ना?’’

‘‘गुडघा, खांदा तोच राह्यत नाही ना भाऊ,’’ बाबा म्हणाले. ‘‘आमचं बी तसंच. चाळिशीनंतर साल उतरते. म्हणून म्हणतो, आकडा पाहू नोका. पाडव्याले पोरगं हसत गेलं का रडत, ते पाहा.’’

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या बदलीचा आदेश आला. निरोपाचा चहा टपरीतच झाला. मुंबई, तेलंगण आणि तटस्थ अशा तिन्ही पक्षांनी मिळून पैसे दिले, हा झरीच्या इतिहासातला दुर्मीळ प्रसंग. बाबा म्हणाले, ‘‘साहेब, नव्या जागी साल कितीचं?’’

‘‘तेवढंच बाबा. आमचं साल वेतन आयोग ठरवतो.’’

‘‘अन् कुठी जाचं, ते तुमाले विचारलं का त्यायनं?’’

‘‘नाही.’’

बाबांनी सरकून बाकावर आपल्या शेजारी जागा केली. ‘‘मंग बसा जरा,’’ ते म्हणाले. ‘‘गाडीले टाइम हाय.’’