डोस मिळाला, पण ताटाचे काय?

१९७० साली भारत सरकारने बालकांचे अंधत्व रोखण्यासाठी 'अ' जीवनसत्त्वाचा कार्यक्रम सुरू केला. १ ते ५ वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस. हे जीवनसत्त्व यकृतात साठते, म्हणून एक डोस काही महिने पुरतो. ते कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो, पुढे बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाते.

आंधळी होणारी ही मुले कोणाची होती? ज्यांच्या घरी दूध, अंडी, पालेभाजी पुरेशी नव्हती त्यांची. या देशात भूमिहीन कोण आणि उपाशी कोण, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक डॉ. सी. गोपालन यांनी पुढे ठामपणे मांडले की खरा उपाय आहार आहे, डोस नव्हे. तरी तात्पुरता उपाय कायमचा झाला. आज नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ९ डोस दिले जातात.

डोस सोपा आहे. त्यासाठी जमीन, मजुरी, जात यांना हात लावावा लागत नाही. ताटाचे तसे नाही. शाळेतील आहार शिजवण्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, हे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आमचा डोसला विरोध नाही. तो प्रत्येक मुलाला मिळालाच पाहिजे. पण संविधानाच्या कलम ४७ नुसार जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे. म्हणून साथींनो, वस्तीत मुलांचे लसीकरण कार्ड तपासा आणि अंगणवाडीतले ताटही तपासा.