टाक्याचं, का दुर्बिणीचं?

देवळाली प्रवरेच्या बाजारात दोघीजणी भेटल्या आणि ऑपरेशनची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला : "टाक्याचं, का दुर्बिणीचं?" हा शब्द आपल्या खेड्यांत रुळला तो कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. पण या दुर्बिणीचा इतिहास बराच जुना आहे.

1901 साली जर्मनीत गेओर्ग केलिंग याने एका कुत्र्याच्या पोटात हवा भरली आणि बारीक नळीतून आत डोकावून पाहिले. हवा कशाला? तिने पोटाची भिंत वर उचलली जाते, आत पाहायला जागा होते. आजही तेच करतात. फक्त हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू असतो. पुढे 1940 नंतर पॅरिसचे राऊल पामर यांनी ही रीत स्त्रीरोगांसाठी बसवली. कील शहरचे कुर्ट झेम, हेही बायकांचेच डॉक्टर. त्यांनी 1980 साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा सर्जन मंडळींनी त्यांना वेड्यात काढले! आणि दहाच वर्षांनी, 1990 मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी याच वाटेने पित्ताशय काढले. म्हणजे सर्जन लोक हे शिकले ते बायकांच्या डॉक्टरांमागून. 1988 साली अमेरिकेत हॅरी राइश यांनी गर्भाशयही असे काढले. 2007 मध्ये पुण्याच्या डॉ. शैलेश पुणतांबेकरांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या 248 शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. ती रीत 'पुणे पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.

रोग्याला लाभ काय? वीतभर चिरेऐवजी बोटाच्या पेराएवढी दोनचार छिद्रे. रक्त कमी जाते, दुखणे कमी, जखम चिघळण्याची भीती कमी, आणि बाई लवकर घरी येते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला महिनादीड महिन्याचा खाडा परवडत नाही, हे मी तुम्हांला काय सांगावे! मात्र भूल पुरी द्यावी लागते, हात शिकलेला लागतो; आणि आत अडचण आली तर पोट उघडावेही लागते.

आता खाड्याचीच दुसरी बाजू. आपल्याकडे ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात. 2019 साली सरकारच्या समितीपुढे आले, की पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की पैसे कापले जात. कुणी कर्करोगाची भीती घातलेली. अशा बाईला "टाक्याचं, का दुर्बिणीचं?" हे विचारण्याआधी "काढायची कशाला?" हे कुणी विचारले नव्हते. त्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी डॉक्टरांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग झाले.