औंढा नागनाथ परिसरातील प्रेक्षणीय स्थळे: मंदिर, धरणे, नामदेवांचे गाव आणि बरेच काही

हिंगोली जिल्हा म्हटला की बहुतेकांना एकच नाव आठवते, औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा करणारे भाविक परळी किंवा नांदेडहून येतात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि तासाभरात पुढच्या गावाला निघून जातात. या घाईत मंदिराच्या भिंतींवरची शिल्पे पाहायची राहतात. औंढ्यापासून जवळच पूर्णा नदीवरचा विस्तीर्ण जलाशय आहे आणि ज्या संताचे नाव पंजाबमध्येही आदराने घेतले जाते त्याचे गावही इथून फार लांब नाही, हे अनेकांना माहीतही नसते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके आहेत. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या इथल्या मुख्य नद्या. औंढा हे डोंगरांच्या कुशीतले तालुक्याचे गाव आहे. तिथे मुक्काम करून आजूबाजूला काय पाहता येईल, त्याची ही माहिती.

१. औंढा नागनाथ मंदिर

मंदिर यादवकालीन, म्हणजे साधारण तेराव्या शतकातले मानले जाते. बांधणी हेमाडपंती आहे. उंच तटबंदीच्या आत मोठे आवार असून त्याला चार प्रवेशद्वारे आहेत. उत्तरेकडचे दार मुख्य आहे. आवारात बारा ज्योतिर्लिंगांची छोटी मंदिरे आणि एक पायविहीर आहे. या विहिरीला लोक 'सासू-सुनेची बारव' म्हणतात.

मंदिर थोडे लांबून पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि कोरीव कामाने भरलेला आहे, तर वरचा भाग आणि शिखर पांढरे, साधे आणि नंतरच्या काळातले आहे. मूळ मंदिराचा वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असे सांगितले जाते.

खालच्या भागातील शिल्पांसाठी किमान अर्धा तास राखून ठेवावा. दशावतार, नटराज, अर्धनारीश्वर, कैलास पर्वत हलवणारा रावण अशी अनेक शिल्पे भिंतींवर आहेत. रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर हे शिल्प तर आवर्जून शोधावे असे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम सर्वांत स्पष्ट दिसते.

इथले गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून अरुंद वाटेने पायऱ्या उतरून खाली जावे लागते. आतली जागा लहान असून छत खूप खाली आहे, त्यामुळे वाकूनच वावरावे लागते. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी गर्दीच्या दिवशी खाली उतरण्याआधी विचार करावा. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे प्रचंड गर्दी असते. महाशिवरात्रीनंतर होणारा रथोत्सव पाहायला पंचक्रोशीतील लोक जमतात.

नेमके आठवे ज्योतिर्लिंग कोणते?

हा प्रश्न सोशल मीडियावर दर महाशिवरात्रीला रंगतो. ज्योतिर्लिंगांच्या संस्कृत स्तोत्रात नागेशाचे स्थान 'दारुकावन' असे सांगितले आहे. हे दारुकावन कुठले, यावर एकमत नाही. गुजरातमधील द्वारकेजवळचे नागेश्वर, उत्तराखंडमधील अल्मोड्याजवळचे जागेश्वर आणि औंढा नागनाथ या तिन्ही ठिकाणांचा हा मान असल्याची श्रद्धा आहे. महाराष्ट्रात मात्र औंढ्यालाच आठवे ज्योतिर्लिंग मानतात. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर आणि परळी वैजनाथ यांच्यासह राज्यात पाच ज्योतिर्लिंगे असल्याचे सांगितले जाते, ते याच हिशेबाने. पुरावा म्हणून यातले कोणतेही एक स्थान ठामपणे खरे आणि बाकीची खोटी ठरवणे शक्य नाही. शतकानुशतकांची परंपरा तिन्ही ठिकाणी आहे.

नंदी समोर का नाही?

शिवमंदिरात नंदी देवासमोर असतो. औंढ्यात तो मंदिराच्या मागच्या बाजूला आहे. यामागे संत नामदेवांची प्रसिद्ध कथा सांगितली जाते. नामदेव मंदिरासमोर कीर्तन करत होते. पूजेत अडथळा येतो म्हणून त्यांना तिथून उठवण्यात आले. ते मंदिराच्या मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देवानेच मंदिर फिरवून आपले तोंड त्यांच्याकडे केले. नंदी मात्र होता तिथेच राहिला. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमधील नामदेवांच्या रचनांतही येतो. त्यामुळे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारे अनेक शीख भाविक औंढ्यालाही येतात.

नामदेवांना गुरू मिळाले तेही इथेच, असे वारकरी परंपरा मानते. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. त्यानंतर ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. तिथे विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड उमटली. देव नाही अशी जागाच नाही, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला.

२. नर्सी नामदेव

हिंगोलीपासून साधारण १७-१८ किलोमीटरवर कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० मध्ये इथे झाला, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक जन्मस्थान म्हणून पंढरपूरचे नाव घेतात. पण दामाशेटी आणि गोणाई यांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून नर्सीचे महत्त्व सर्वमान्य आहे.

नामदेवांनी कीर्तनाच्या वाटेने भागवत धर्म उत्तरेत नेला. पंजाबमधील घुमान इथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांच्या ६१ रचना आहेत. २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच नात्यामुळे. नर्सीतही नामदेवांच्या मंदिराबरोबर गुरुद्वारा आहे. वारकरी आणि शीख अशा दोन्ही परंपरांचे भाविक एकाच गावात येताना पाहायला मिळणे ही नर्सीची खासियत आहे.

आषाढी वारी करून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीत येतात. हिला परतवारी म्हणतात. गावाचे खरे रूप पाहायचे असेल तर हा दिवस गाठावा. शांतपणे दर्शन हवे असेल तर मात्र तो टाळावा.

३. सिद्धेश्वर आणि येलदरी जलाशय

औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच नदीवर वरच्या अंगाला परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी धरण आहे. दोन्ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली आणि ती एकाच पूर्णा प्रकल्पाचा भाग आहेत. येलदरी हा मोठा साठा. तिथे सोडलेल्या पाण्यावर आधी २२.५ मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र चालते, मग तेच पाणी खाली सिद्धेश्वरमध्ये अडवले जाते आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी आणि नांदेडच्या शेतांकडे जाते. म्हणून येलदरी किती टक्के भरले, ही बातमी पावसाळ्यात इथला शेतकरी रोज पाहतो. वसमतच्या हळदीचे आणि उसाचे वर्ष बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरते.

पर्यटकांसाठी सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो आणि भोवतालच्या टेकड्या हिरव्या असतात. हिवाळ्यात चक्रवाक आणि बदकांचे थवे दिसतात, त्यामुळे दुर्बीण सोबत ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी खूप मागे सरकते आणि त्या वेळी गेलेल्यांची निराशा होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावासारख्या सोयी इथे गृहीत धरू नयेत. खाणे-पिणे सोबत न्यावे.

४. इसापूर धरण

हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा नदीवर ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण आहे. मराठवाड्यातील मोठ्या जलसाठ्यांत त्याची गणना होते. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांना त्याचे पाणी मिळते. जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. कळमनुरीमार्गे इथे जाता येते. वाटेत कळमनुरीतला नुरी बाबांचा दर्गा पाहता येतो.

५. शिरड शहापूर

औंढा-वसमत रस्त्यावर शिरड शहापूर इथे मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर आहे. मल्लिनाथ हे जैनांचे एकोणिसावे तीर्थंकर. ही मूर्ती आधी नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरला होती, कारंज्याला नेत असताना वाटेत इथे थांबली आणि पुढे हललीच नाही, अशी आख्यायिका आहे. मंदिर सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगतात.

६. थोडे पुढे: नेमगिरी आणि चारठाणा

पूर्ण दिवस हाताशी असेल तर येलदरीला जोडून जिंतूर तालुका पाहावा. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरात जैन गुहामंदिरे आहेत. तिथली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती अगदी लहानशा दगडाच्या आधारावर उभी आहे, म्हणून तिला 'अधांतरी' म्हणतात. चारठाणा हे गाव म्हणजे हेमाडपंती मंदिरांचे उघडे संग्रहालयच. मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ गावाच्या वस्तीतच विखुरलेले आहेत.

७. दुधाळा: लायगो-इंडिया

औंढा तालुक्यातील दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जाणार आहे. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी या लहरी पहिल्यांदा पकडल्या. भारतातील प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या काटकोनात प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा हे तिचे मुख्य अंग असेल. अणूपेक्षाही सूक्ष्म हालचाल मोजायची असल्याने रेल्वे, महामार्ग आणि मोठ्या कारखान्यांच्या धक्क्यांपासून दूर असलेली सपाट जागा लागते. ज्या शांततेमुळे हा भाग 'मागास' म्हटला गेला, तीच इथे कामी आली. हे पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे आत जाऊन पाहण्याचा बेत आखू नये.

दोन दिवसांचा बेत

पहिला दिवस: पहाटे औंढा मंदिर, मग शिल्पे आणि आवार, दुपारी नर्सी नामदेव, मुक्काम हिंगोलीत. दसऱ्याच्या सुमारास गेल्यास हिंगोलीचा दीडशे वर्षांहून जुना दसरा महोत्सव पाहता येतो.

दुसरा दिवस: सकाळी सिद्धेश्वर आणि येलदरी, नंतर जिंतूर-नेमगिरी. किंवा औंढ्याहून शिरड शहापूरमार्गे वसमत आणि पुढे नांदेड. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा घरी नेण्यासाठी हळद घ्यायला हीच योग्य जागा.

कसे जायचे?

औंढा हिंगोलीपासून सुमारे २५, परभणीपासून ५० आणि नांदेडपासून ६० किलोमीटरवर आहे. तिन्ही ठिकाणांहून एसटी बस मिळतात. पूर्णा-अकोला रेल्वेमार्गावर 'हिंगोली डेक्कन' हे स्थानक आहे, तर विमानतळ नांदेडला आहे. धरणांकडे जाणाऱ्या बस कमी असल्याने स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन सोयीचे पडते.

हे लक्षात ठेवा

• जलाशयात पोहायला उतरू नका. काठ उथळ वाटला तरी खाली गाळ आणि अचानक खोली असते.
• पावसाळ्यात धरणाचे दरवाजे कधीही उघडले जातात. सांडव्याखाली नदीपात्रात सेल्फीसाठी जाणे जिवावर बेतू शकते.
• मंदिराच्या शिल्पांना हळद-कुंकू, तेल किंवा नाणी लावू नका. सातशे वर्षे टिकलेला दगड अशा सवयींनीच झिजतो.
• गर्भगृहात मोबाइल आणि कॅमेऱ्याबाबत मंदिर संस्थानचे नियम पाळा.